फाटकावरची पाटी

परभणीतलं रो हाउस आम्हाला भाड्याने मिळालं, तेव्हा दादाला जाऊन सव्वा महिना झाला होता. सामान लावण्याआधी शालनवहिनींनी हॉलमध्ये खिळा ठोकला आणि दादाचा हार घातलेला फोटो लावला.

संध्याकाळी मालक आले. गुंजाळसाहेब, माजी सभापती. फोटो बघताच कडाडले, "मेलेल्या माणसाचं माझ्या वास्तूत काही नको. अपशकुन असतो. हे उतरवा, नाहीतर उद्या घर खाली करा."

मी किल्ली त्यांच्या अंगावर फेकणारच होतो.

"थांबा भावजी," म्हणत वहिनींनी माझा हात धरला. मग त्या साहेबांना फाटकापाशी घेऊन गेल्या. तिथे संगमरवरी पाटी होती : 'कै. रंगनाथराव गुंजाळ स्मृती'.

"हे कोण, साहेब?"

"माझे वडील. त्यांच्याच आशीर्वादावर सगळं चाललंय."

"मग मेलेला माणूस फाटकावर आशीर्वाद आणि भिंतीवर अपशकुन कसा? तुम्ही पाटी उतरवा, मी लगेच फोटो उतरवते."

साहेबांनी रुमालाने पाटीवरची धूळ पुसली. जाताना एवढंच म्हणाले, "खिळा एकच. दुसरा ठोकायचा नाही."

दादाला एकच पुरला.