नोफ्रियोने पाहुणा गार केला

लांब भूमध्य समुद्रात एक बेट. बेटावर वारा असा की द्राक्षाच्या वेली खड्ड्यात लावायच्या, नाहीतर मुळासकट उडतील. त्या बेटावरच्या एका गावात एक भोळा होता, नोफ्रियो त्याचं नाव, आणि कार्मेला नावाची त्याची आई होती. बाप वारलेला. त्याने लावलेल्या वेली तेवढ्या मागे राहिल्या. मायलेक त्या द्राक्षांची पांढरी वाइन करत. पांढरी म्हणजे दुधासारखी नव्हे हो, वाळल्या गवतासारखी पिवळट.

पण वाइन खपेना. साल्वो काका येऊन बजावून गेला, "वहिनी, या खेपेला व्यापाऱ्याने नेली नाही, तर वेली उपटणार आणि माझ्या शेळ्या सोडणार."

नोफ्रियो म्हणाला, "शेळ्यांना वाइन आवडते?"

द्राक्षं पिकली. आई म्हणाली, "पाटीतलं सगळं हौदात ओत, पाय धू नि तुडव. एकही अख्खं राहता कामा नये." त्याने तुडवलं. छान तुडवलं. आई म्हणाली, "शाबास!"

रस पिंपात मुरला, पण गढूळच राहिला. तो नितळायला अंड्यातलं पांढरं घालतात तिकडे. आईने त्याला आगाता मावशीकडे अंड्यांना धाडलं. नोफ्रियोने टोपलीभर अंडी आणली, हौदात ओतली, पाय धुतले.

"आई गं! हे काय केलंस?"

"एकही अख्खं ठेवलं नाही."

"मेल्या, नाजूक वस्तू पेंढ्यात ठेवावी, वर टोपली पालथी घालावी!"

"आधी सांगायचंस."

दुसरी अंडी आईने स्वतःच आणली नि रस नितळला. आता पिंपांना आशीर्वाद द्यायला पाद्रीबाबा हवेत. तशी रीतच तिथली. आई म्हणाली, "म्हातारे आहेत, फार नाजूक झालेत. जपून आण हो." संध्याकाळ झाली तरी पाद्रीबाबांचा पत्ता नाही. गोठ्यात गाढव ओरडायला लागलं म्हणून आई बघायला गेली. पाद्रीबाबा गळ्यापर्यंत पेंढ्यात, डोक्यावर टोपली, आणि टोपलीखालून प्रार्थना चाललेली.

आईने बाबांच्या दाढीतला पेंढा वेचला, मग लेकाकडे वळली. "गाढवा, दारात आलेल्याला आधी विचारावं, उकडतंय का, तहान लागली का?"

"विचारतो," नोफ्रियो म्हणाला.

उन्हाळ्यात व्यापारी यायचा दिवस उजाडला. आईने सुरई भरून दारात ठेवली. "नोफ्रियो, ही तापलीय. विहिरीत सोडून गार कर." थोड्या वेळाने बघते तर हा सुरईपुढे उकिडवा बसलेला.

"काय करतोस?"

"विचारतोय उकडतंय का. बोलतच नाही."

आईने कपाळाला हात लावला. "अरे, तापलेलं दिसलं की विचारत बसू नये, मुकाट्याने विहिरीत सोडावं! आणि मी सांगेपर्यंत वर काढायचं नाही!"

त्याने सुरई दोरीला बांधून विहिरीत सोडली.

तेवढ्यात व्यापारी आला. लठ्ठ, घामाघूम. गावभर कोमट वाइन चाखून त्याचं तोंड विटलेलं. म्हणाला, "बाई, तुमची चाखत नाही. माझं जहाज सुटेल."

"अहो, निदान भाकरतुकडा खाऊन जा!" म्हणत कार्मेला आत धावली. व्यापारी विहिरीच्या तोंडाशी टांगलेल्या रहाटाच्या मोठ्या बादलीत टेकला. "हुश्श! तापलो बुवा."

नोफ्रियोने त्याच्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. रहाट फिरवला.

आई पाव-चीज घेऊन बाहेर आली. "पाहुणे कुठे?"

"विहिरीत. गार होतायत."

आईच्या हातातलं ताट पडलं. विहिरीतून आरोळी आली, "काढ वर!"

"आईने सांगितल्याशिवाय नाही," नोफ्रियोने खाली वाकून सांगितलं.

आईने रहाटाला हात घातला, तर खालचा आवाज बंद. मग सुरईचं बूच उघडल्याचा आवाज. मग घटघट. मग बराच वेळ काहीच नाही.

"मेला वाटतं," आई म्हणाली आणि रडायलाच लागली.

"बाई!" विहीर बोलली. "ही वाइन कुणाची?"

"आमचीच हो! काढते, काढते वर!"

"खबरदार काढाल तर! आधी दुसरी सुरई सोडा. आणि तो भाकरतुकडा कुठाय?"

त्या दिवशी जहाज व्यापाऱ्याला न घेताच गेलं. दुसऱ्या जहाजाने तो गेला, तो सगळी पिंपं घेऊनच. साल्वो काकाच्या शेळ्या राहिल्या काकाकडे, वेली राहिल्या खड्ड्यात. पुढच्या उन्हाळ्यात व्यापारी आणखी दोघांना घेऊन आला. तिघांनी वहाणा काढल्या आणि विहिरीपाशी ओळीने उभे राहिले. "नोफ्रियोशेठ, फार तापलोय."

जसं त्यांचं नशीब विहिरीत उतरलं, तसं तुमचं-आमचंही उतरो. फक्त दोर मजबूत असू द्या.