नमदा आणि इंजिन

फार वर्षांपूर्वी लांबच्या प्रवासासाठी एक आलिशान मोटार घडवली गेली. इंजिन आणि बैठक यांच्यामध्ये कारागिरांनी लोकरीचा जाड नमदा बसवला आणि त्याला बजावलं, "आत आवाज जाता कामा नये."

एके दिवशी इंजिन खडखडू लागलं. "नमदेराव, तेल संपत आलंय. मालकांना ऐकू जाऊ द्या हो!"

"दादा, जरा हळू खोका. आत गाणं चाललंय," नमदा हसून म्हणाला. आठ दिवस त्याने एकही खडखड आत जाऊ दिली नाही.

नवव्या दिवशी घाटात इंजिन कायमचं बंद पडलं. मालक उतरून हळहळले, "बिचारीनं एकदा तरी कुरकुरायचं होतं!"

आता एक तरी खडखड आत सोडावी, असं नमद्याला फार वाटलं. पण पलीकडून आवाजच येत नव्हता.