एका शब्दाचं अपील

“आणि ‘मारतो’ म्हणजे जीवच घेतो, असं कुठं आहे, भन्ते?”

ॲडव्होकेट प्रबोध खोब्रागडे विहाराच्या ओसरीत मांडी घालून बसला होता. समोर भन्ते विनयशील. वयानं थकलेले, पण पाठ ताठ. लहानपणी प्रबोधनं त्यांच्या हाताखाली श्रामणेराची, म्हणजे नवख्या भिक्खूची, शिबिरं केली होती. आता तो नागपूरच्या खंडपीठापुढं फौजदारी अपिलं चालवायचा, आणि सहसा हरायचा नाही.

खांबाला टेकून तिसरा माणूस बसला होता. फागोजी मांढळे. भंडाऱ्याकडचा, तलावात जाळं टाकून पोट भरणारा. दुसऱ्या दिवशी त्याच्याच अपिलाची सुनावणी होती. प्रबोध त्याला गाडीतून नागपूरला घेऊन चालला होता. वाटेत विहार लागला, म्हणून दोघं थांबले.

“आई पोराला म्हणते, थांब, मारते तुला,” प्रबोध सांगत होता. “ती काय त्याचा जीव घेणार असते? मारणं म्हणजे हाणणं, आणि मारणं म्हणजे ठार करणं. शब्द एक, अर्थ दोन. खालच्या कोर्टानं दुसरा अर्थ धरला. मी पहिला धरायला लावणार.”

“काय झालं होतं?” भन्त्यांनी विचारलं.

प्रश्न फागोजीकडं बघून होता. उत्तर प्रबोधनं दिलं.

फागोजी आणि सोमा नान्हे एकाच डोंग्यातून मासे धरायचे. वर्षानुवर्षांची जोडी. एका सकाळी फागोजीचं जाळं कापलेलं सापडलं. त्याला वाटलं, सोमानं कापलं. डोंग्यातच बाचाबाची झाली. फागोजी ओरडला, “मारतो तुला आता.” काठावरच्या लोकांनी ते ऐकलं. डोंगा रेटायचा बांबू त्यानं उचलला आणि एकदाच हाणला. तो डोक्यात बसला. सोमा गेला.

सत्र न्यायालयानं खून धरला. जन्मठेप. फागोजी सहा वर्षं तुरुंगात होता, मग अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामिनावर सुटला.

“एकच फटका, भन्ते. अचानक भांडण. आधी काही ठरवलेलं नाही. हा खून नाही, सदोष मनुष्यवध आहे. कोर्टाला हे पटणार. मग म्हणणार, भोगली तेवढी शिक्षा पुरे. फागोजी उद्या रात्री घरी जेवायला.”

भन्ते पुन्हा फागोजीकडं वळले.

“तेव्हा तुमच्या मनात काय होतं?”

“हेतू नव्हताच,” प्रबोध म्हणाला.

भन्त्यांनी पुन्हा विचारलं.

“फागोजी, तुमच्या मनात…”

“फक्त राग, भन्ते. क्षणाचा राग. हेतू…”

भन्ते उठले. माठातून पेलाभर पाणी आणलं आणि प्रबोधच्या हातात दिलं.

“तोंडात धर. गिळायचं नाही.”

प्रबोध हसला. भन्ते हसले नाहीत. मग लहानपणी ऐकायचा तसंच त्यानं त्यांचं ऐकलं. पाणी तोंडात घेऊन, गाल फुगवून बसला.

भन्ते फागोजीसमोर जाऊन बसले.

“वकीलसाहेब दोन अर्थ सांगतेत जी,” फागोजी म्हणाला. त्याचा आवाज लहान होता. “मी रोज इचार करतो, मायावाला कोन्ता होता.”

“मग?”

“बांबू उचललो तवा ते दोन नोते जी. एकच होता.”

प्रबोधचा हात वर आला. भन्त्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. हात खाली गेला.

“तो पाण्यात पडला,” फागोजी सांगू लागला. “मग मी उडी मारलो. त्याचं डोस्कं खांद्यावर घेतलो आणि काठाकडं पोहलो. ‘ऊठ ना बे सोम्या,’ म्हनत होतो. काठावर येईस्तोवर म्हनत होतो… तवा मले समजलं, का मले तो मेलेला नोता पायजे. पन ते पाण्यात समजलं जी. डोंग्यात नाही.”

“हे कुणाला सांगितलंत?”

“कोनी पुसलंच नाही. पोलिसांनं पुसलं, मारलास का? मी म्हनलो, हो. वकीलसाहेबांनं सांगतलं, काही बोलायचं नाही. तवापासून चूप हाओ.”

भन्त्यांनी मान हलवली. मग प्रबोधला खूण केली. तो अंगणात जाऊन पाणी थुंकून आला आणि उभ्यानंच बोलू लागला.

“हे कोर्टात बोलला तर संपलं, भन्ते.”

“काय संपलं?”

प्रबोधनं रुमालानं तोंड पुसलं.

“मग मी काय युक्तिवाद करू?”

“तू करणार होतास तोच. चांगला आहे. खराही आहे.”

“मग अडचण काय आहे?”

“तो तुझा आहे,” भन्ते म्हणाले. “त्याचं त्याला बोलू दे.”

गाडीत बसताना प्रबोध फागोजीला म्हणाला, “न्यायाधीश सहसा आरोपीला काही विचारत नाहीत. विचारलंच तर दोनच गोष्टी सांगायच्या. आई म्हातारी आहे. मुली लग्नाच्या आहेत. बाकी मी बघतो.”

फागोजीनं गाडीचं दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रबोध आजवर बोलला नव्हता असा बोलला. शब्द, फटका, भांडणाचा वेग, वैद्यकीय अहवाल, एकेक गोष्ट त्यानं अशी मांडली की सरकारी वकिलाला मध्ये शिरायला जागा मिळेना. कठड्यामागच्या बाकावर सोमाची बायको चंद्रकला बसली होती. ती प्रत्येक तारखेला यायची आणि फागोजीकडं न बघता परत जायची.

दोन न्यायाधीश आपसात हळू बोलले. मग ज्येष्ठ न्यायाधीशांनी सांगितलं, हा खून ठरत नाही. हा सदोष मनुष्यवध आहे. जन्मठेप रद्द.

प्रबोधनं फायली मिटायला सुरुवात केली.

“शिक्षा किती द्यायची ते ठरवायचं आहे,” न्यायाधीश म्हणाले. “आरोपी हजर आहे ना? त्याला काही सांगायचं आहे का?”

फागोजी उभा राहिला. प्रबोध त्याच्या शेजारी होता. कोपर नुसतं लावलं असतं तरी पुरलं असतं. तोंड उघडून ‘मीच सांगतो, साहेब’ म्हटलं असतं, तर कुणाची हरकत नव्हती.

प्रबोध गप्प राहिला. का राहिलो, हे त्याला पुढं कित्येक दिवस कळलं नाही.

“वकीलसाहेब सांगतलेत ते खरं हाय जी,” फागोजी म्हणाला. “जीव घ्याचा म्हून घरून निंगालो नोतो. पन बांबू उचललो तवा तो जगावा, असंही मनात नोतं. पाण्यात पडल्यावर मंग आलं. तवर होऊन गेलं होतं.”

तो मागं वळला. बाकाकडं.

“चंद्रकलाबाई, जाळं सोम्यानं नाही कापलं. मांगून मले समजलं, का ते बुडल्या झाडाले अडकून फाटलं होतं. त्याची काही चूक नोती… मी मारलो त्याले.”

न्यायालयात पंखे फिरत होते. चंद्रकलेनं पहिल्यांदा वर पाहिलं. ती बघत राहिली, आणि फागोजीनंही मान खाली घातली नाही.

न्यायाधीशांनी आठ वर्षांची शिक्षा दिली. भोगलेली सहा वजा करायची. उरलेली भोगण्यासाठी हजर व्हायला फागोजीला थोडी मुदत मिळाली. मुदत संपायच्या आधीच तो स्वतः तुरुंगाच्या दारात जाऊन उभा राहिला. तोवरच्या दिवसांत तो एकदा सोमाच्या घरी गेला होता. तिथं काय बोलणं झालं, ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. चंद्रकलेनं त्याला आत बसवलं, एवढंच शेजाऱ्यांनी पाहिलं.

महिन्याभरानं प्रबोध एकटाच विहारात आला. वंदन करून बसला. बाररूममध्ये त्याच्या युक्तिवादाचं कौतुक चाललं होतं. ते त्यानं भन्त्यांना सांगितलं, पण अर्ध्यात थांबला.

“घरी नेला असता मी त्याला,” तो म्हणाला. “त्या दिवशीच. आई आणि मुली, दोन वाक्यांचा प्रश्न होता.”

भन्ते ऐकत होते.

“तुरुंगात भेटून आलो काल. मला वाटलं, खचला असेल. तर मलाच विचारतो, जेवण झालं का? म्हणाला, जाळं विणायला शिकवतो आहे इथल्या लोकांना. झोप लागते म्हणाला.”

“बरं झालं.”

“मी निकालपत्र पुन्हा पुन्हा वाचतो, भन्ते. कोर्टानं लिहिलंय, आरोपीचा जीव घेण्याचा हेतू सिद्ध होत नाही. माझंच म्हणणं आहे ते. शब्दसुद्धा माझे. आणि तरी…”

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं.

“तुम्ही त्याला ऐकलंत. मीही ऐकलं. आता तुम्हीच सांगा. त्याचा हेतू होता, की नव्हता?”

भन्त्यांनी चीवर खांद्यावर नीट घेतलं.

“आता आहे,” ते म्हणाले. “केलेलं आपलं म्हणायचा.”