सुभानने झाडलेलं तळं

"बाबा, हे हिम पडतंच कशाला, सांगा ना!"

सुभानने फावडं गोठलेल्या तळ्यावर आदळलं.

त्याचे गुरू कमालशाह बाबा काठावर बसले होते. अंगातल्या घोळदार फेरनच्या आत कांगडी, तिच्यातल्या निखाऱ्यांची ऊब पोटाशी धरलेली.

"अख्खं तळं झाडून काढलं मी. एकट्याने! आहे का गावात दुसरा कुणी?"

अख्खं कुठलं? अंगणाएवढा तुकडा. पण तेवढा मात्र लख्ख होता हं! रात्री पडलेलं हिम त्याने खरडून बाजूला सारलं होतं, खालचा बर्फ काचेसारखा केला होता आणि मधोमध भोक पाडून गळ सोडला होता. खालचे मासेसुद्धा दिसायचे. यायचे, भोकाजवळ थबकायचे, आणि... पसार.

हौस म्हणून काही तो मासे धरायला आला नव्हता. घरी बायको, फाजी, ओली बाळंतीण. तिला दूध येत नव्हतं. माशाचं गरम कढण पाज, म्हणून सुईणीने सांगितलं होतं, आणि घरात मक्याच्या पिठाशिवाय काही नव्हतं. लेकरू रडून रडून आता रडायचंही थांबलं होतं. त्या शांततेनेच सुभानचा जीव अर्धा झाला होता.

"समोर दिसतात बाबा, पण एक मेला गळाला लागत नाही."

"तुला दिसतात?"

"लख्ख! म्हणून तर झाडलं ना सगळं."

बाबा उठले. काठी टेकत टेकत त्याच्याजवळ आले.

"आडवा हो."

"काय?"

"बर्फावर. उताणा."

लेकरू तिकडे उपाशी, आणि ह्या म्हाताऱ्याला खेळ सुचतायत! अगदी ओठांवर आलं होतं सुभानच्या. पण गुरूच तो. काय करणार? झाला उताणा.

बाबांनी काठी उचलली आणि थेट त्याच्या तोंडावर आणली.

सुभान गडबडा लोळत बाजूला झाला. "या अल्ला! मारता की काय?"

"का पळालास?"

"का म्हणजे? वर काठी दिसली..."

बाबांनी काठी बर्फावर टेकवली.

सुभान उठून उभा राहिला. त्याने पायाखालच्या लख्ख बर्फाकडे पाहिलं. खालून एक मासा झर्रकन वळून गेला...

बाबांनी बाजूचं हिम पायाने ओढलं आणि झाडलेल्या बर्फावर पसरलं. पुन्हा ओढलं, पुन्हा पसरलं. सकाळभरची मेहनत अशी डोळ्यांदेखत वाया चाललेली, कुणाला बघवेल? पण सुभानच्या आता लक्षात आलं होतं. मग फावडं घेऊन तो स्वतःच हिम परत टाकायला लागला.

बघता बघता सगळं पांढरं झालं. उरलं फक्त ते भोक.

तो भोकापाशी उकिडवा बसला. आता काही म्हणता काही दिसत नव्हतं. नुसती दोरी हातात धरायची आणि वाट बघायची. असं बसायची त्याला सवय कुठे होती!

किती वेळ गेला कोण जाणे...

दोरीला हिसका बसला.

पहिला मासा वर आला तेव्हा सुभान हसला. दुसरा आला तेव्हा त्याला रडूच फुटलं. चांगले हातभर लांब, जाडजूड मासे. फाजीला दोन दिवस पुरतील एवढे!

त्याने मूठभर हिम उचलून कपाळाला लावलं. "चुकलो रे हिमा, तुला नको नको ते बोललो." मग गुडघे टेकून अल्लाचे आभार मानले. तळ्याचे मानले, माशांचे मानले, अगदी त्या काठीचेसुद्धा मानले. मग बाबांचे पाय धरले ते सोडीचना.

"बाबा, तुमचे उपकार मी कसे... तुम्ही नसतात तर आज... माझ्या लेकराला..."

बाबांनी दोन्ही मासे उचलून त्याच्या हातात कोंबले आणि काठीने घराची वाट दाखवली.

"गुडघ्यांनी खूप आभार मानलेस, सुभान. आता पायांनी मान."