पहिला पेला

खूप जुन्या काळी, पूर्वेच्या समुद्रात, जिथे सूर्य आपल्या आधी उगवतो, तिथल्या एका बेटावर एक राज्य होतं. ही गोष्ट तिथली. लहानांना ती सांगावी की नाही, याबद्दल माझं मत दर दोन दिवसांनी बदलतं. आज सांगायचं ठरलंय, तेव्हा मधे कुणी थांबवू नका. थांबले तर मी पुन्हा विचार करत बसेन.

त्या राज्यात एका डोंगराच्या अलीकडे नदी होती आणि पलीकडे कोरडी गावं. राजाने ठरवलं, डोंगर फोडून कालवा न्यायचा. काम एका कारभाऱ्यावर सोपवलं. कारभारी सरळ माणूस होता. राजाच्या बागेतलं खाली पडलेलं फळसुद्धा तो उचलत नसे. घरी बायको होती आणि एकुलता एक मुलगा, विशीतला.

मुलाला तलवार बापानेच शिकवली होती. पहिल्या दिवशीच त्याने सांगितलं होतं, "मूठ अंगठ्याने आवळायची नाही. पकड करंगळीची. बाकीची बोटं नुसती सोबतीला असतात." मुलाची पकड इतकी पक्की झाली, की पुढे कालव्यावरच्या सगळ्या पहारेकऱ्यांचा तो नायक झाला.

बायको मात्र काळजी करणारी होती. घरात कुणी शिंकलं तरी तिला पुढचे तीन महिने दिसायचे. अशा बायकांचं कुणी ऐकत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा दोष आमचाही असतो. शंभरदा उगाच घाबरलं, की एकशे एकाव्या वेळची खरी भीती लोकांना वेगळी ओळखू येत नाही.

कालव्यावर आठशे मजूर खोदत होते. दर पौर्णिमेला त्यांना चांदीच्या नाण्यांत मजुरी मिळे. वर्ष सरलं, कालवा अर्धा झाला, आणि राजाचा निरोप आला: यापुढे चांदी पाठवता येणार नाही, पण काम थांबलेलं चालणार नाही.

कारभाऱ्याने पेटी उघडून पाहिली. चांदी जेमतेम तीन पौर्णिमांची होती. त्यातून आणखी एक अडचण. हातात मजुरी पडली, की दर महिन्याला शंभरेक मजूर गावाकडे निघून जात. परत येत नसत, नवे शोधावे लागत.

त्याच सुमारास बाजारात एक जुगारी आला होता. त्याच्याजवळ एक चटई, बांबूची विणलेली एक वाटी आणि दोन फासे, एवढंच सामान. तो कमरेच्या वर कपडा घालत नसे, कडाक्याच्या थंडीतही नाही. अस्तनीत फासा लपवला, असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्याच्या धंद्याची ती रीतच होती. लोक म्हणत, उघड्या अंगाच्या माणसाकडे लपवायला जागा कुठे असणार? त्या राज्यात जुगाराला बंदी होती. सापडणाऱ्याच्या दंडावर दर वेळी एक काळं कडं गोंदलं जाई. या माणसाच्या दंडावर तीन कडी होती, आणि तीही त्याने झाकली नव्हती.

कारभाऱ्याने ती कडी पाहिली. पाहूनही त्याला बोलावून घेतलं.

बोलणं थोडक्यात झालं. जुगाऱ्याने मजुरांच्या तळावर चटई टाकायची. मजुरीची चांदी जिंकून पेटीत परत आणायची. दहातला एक भाग त्याचा. जुगारी कबूल झाला. मग त्याने लाकडी पेल्यात तांदळाची दारू ओतली, अर्धी स्वतः प्यायला आणि पेला पुढे केला. आमच्यात असंच असतं, म्हणाला. कारभाऱ्याने फार विचार केला नाही. उरलेली दारू तो पिऊन गेला. चव बरी होती.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"अहो, पण हा माणूस परत कधी जाणार?"

"कालवा झाला की."

"आणि त्याला जा म्हणून कोण सांगणार?"

कारभारी हसला. सांगायला काय लागतं, असं काहीतरी तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

पौर्णिमा आली. सकाळी मजुरी वाटली गेली. दुपारी चटई पसरली. वाटीत फासे खुळखुळले, वाटी चटईवर पालथी पडली आणि जुगारी शांतपणे म्हणाला, "बोला. एकी की बेकी?" आपल्याकडे मुलं मुठीत चिंचोके धरून खेळतात, तसाच हा खेळ. इतका सोपा, की कुणाला भीती वाटू नये. सूर्य बुडायच्या आत चांदी पेटीत परत आली. त्यात कडेला टवका उडालेलं एक नाणं होतं. सकाळी कारभाऱ्याने ते स्वतःच्या हाताने एका म्हाताऱ्या मजुराला दिलं होतं. ते परत आलेलं पाहून त्याला गंमत वाटली. पुढच्या पौर्णिमेला ते पुन्हा गेलं आणि पुन्हा आलं.

आता कुणी गावाकडे जाईना. रिकाम्या हातांनी घरी काय तोंड दाखवणार? कालवा भराभर पुढे सरकू लागला. कारभाऱ्याला शांत झोप लागू लागली.

चांदी दर पौर्णिमेला चटईवरून पेटीपर्यंत आणायला विश्वासाचा माणूस हवा होता. कारभाऱ्याने मुलाला सांगितलं. बायको म्हणाली, त्याला तिथे पाठवू नका. कारभारी म्हणाला, "मग कुणावर विश्वास ठेवू? परक्यावर?"

तिने मुलाची शिदोरी बांधून दिली. मीही दिली असती.

थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस कारभारी खोदकाम पाहायला गेला. टवक्याचं नाणं ज्याच्याकडून दर महिन्याला परत येई, तो म्हातारा मजूर कडेला बसला होता. कुदळ समोर पडलेली. कारभाऱ्याने विचारलं, बसलास का? म्हाताऱ्याने उजवा हात वर केला. करंगळीच्या जागी फडकं गुंडाळलेलं होतं. पुढच्या महिन्याची मजुरी आधीच लावली आणि हरलो, असं तो सांगू लागला. द्यायला काही नव्हतं, म्हणून बोट दिलं. आणि आता कुदळ हातात फिरते, ठरत नाही.

 कारभारी तडक चटईपाशी गेला. तिथे तसले पंधरा-वीस जण बसले होते. कुणी शेगडीला वारा घालत होता, कुणी चहाचं पाणी ठेवत होता. प्रत्येकाच्या हाताला चार बोटं. जुगारी उठून उभा राहिला, अदबीने वाकला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही चांदी परत मागितली होती. कशी आणायची, ते विचारलं नव्हतंत."

"फासे खोटे आहेत तुझे."

"खरे आहेत. खोटे लागतच नाहीत. जिंकलेला माणूस उठत नाही, साहेब. हरेपर्यंत बसतो."

मग त्याने समजावून सांगितलं, की तो कुणालाही वाऱ्यावर सोडत नाही. ज्याला कुदळ धरता येत नाही, त्याला तो आपल्या पेल्यातली अर्धी दारू देतो. त्या दिवसापासून तो त्याचा बाप. त्याला जेवू घालतो, काम देतो. तेवढ्यात वारा घालणारा एक मजूर, वयाने जुगाऱ्यापेक्षा मोठा, त्याला म्हणाला, "बाबा, चहा झाला."

कारभारी घरी आला. तो जेवला नाही. हे थांबवायचं, असं त्याने ठरवलं. मग पेटी आठवली, राजा आठवला, राहिलेला डोंगर आठवला. एवढा हिवाळा जाऊ दे, असं त्याने ठरवलं. आपण सगळेच असं ठरवतो.

त्या हिवाळ्यात बायकोने त्याला दोनदा सांगितलं, की पोरगा हल्ली हात सारखे अस्तनीत घालून असतो, आणि वाडगा खालून तळव्यावर घेतो, बोटांनी धरत नाही. कारभारी म्हणाला, थंडी आहे. तिलाही ते पटलं. पटवून घेतलं, म्हणा.

वसंतात कालवा पुरा झाला. डोंगरापलीकडे पाणी पोचलं. कोरड्या गावांतल्या बायका पाण्यात उभ्या राहून रडल्या. कारभाऱ्याने मोठं जेवण घातलं आणि सगळ्यांसमोर जुगाऱ्याला सांगितलं, की काम झालं, आता चटई गुंडाळायची.

जुगारी उघड्या अंगाने बसला होता. मागे त्याची माणसं. आता ती दोनशे होती.

"जातो की," तो म्हणाला. "माझी मुलं जा म्हणाली, तर लगेच जातो."

मागचे दोनशे जण त्याच्या आणखी जवळ सरकून बसले. कारभाऱ्याने पहारेकऱ्यांना हुकूम केला, याला बांधा. पहारेकरी जागचे हलले नाहीत. त्यांचे हात अस्तनींत होते. वसंत होता, ऊन होतं, आणि सगळ्यांचे हात अस्तनींत होते.

कारभारी मुलाकडे वळला. "बाळा, तू बांध याला."

मुलाने अस्तनीतून हात काढला.

त्याची आई दाराशी वाढत होती. तिच्या हातातलं भांडं पडलं नाही, की ती ओरडली नाही. ती नुसती मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा पहिल्यापासून.

"बाबांना हात लावता येणार नाही, कारभारीसाहेब," मुलगा म्हणाला.

कारभाऱ्याने मागे वळून पाहिलं. हा कुणाशी बोलतोय, तेच त्याला कळेना. जन्मापासून मुलगा त्यालाच बाबा म्हणत आला होता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका संध्याकाळी चांदीची वाट बघत असताना मुलगाही चटईवर बसला. एकदाच, गंमत म्हणून. बघता बघता घरी न्यायची सगळी थैली तो हरला. बापाला काय सांगणार? जुगारी म्हणाला, थैली घेऊन जा, करंगळी ठेव, आणि अर्धा पेला पुढे केला. त्या संध्याकाळी थैली नेहमीसारखी भरून घरी आली होती. कारभाऱ्याने ती उघडून पेटीत ओतली होती. मुलाच्या हाताकडे त्याने पाहिलं नव्हतं.

"मी राजाकडे जाईन," कारभारी म्हणाला. 

"जा की," जुगारी म्हणाला. "माझा पहिला पेला इथे कुणी घेतला, ते मीही सांगेन. ही सगळी मुलं तुमच्या मागून आलेली, साहेब. तुम्ही थोरले."

कारभारी राजाकडे गेला नाही.

त्या वर्षी कोरड्या गावांत पहिल्यांदा भात डोलला. पण कापणीला माणसं मिळेनात. कालव्यावर राबून आलेल्या कितीतरी जणांच्या हातात विळा ठरेना. पुष्कळसा भात उभाच वाळला. जो हाती आला, त्यावर चोर पडू लागले. तेव्हा जुगाऱ्याची माणसं दारोदार गेली आणि अदबीने म्हणाली, की आम्ही राखण करू, दर पौर्णिमेला घरटी एक नाणं द्या. चोर कोण होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी नाणं दिलं. पुढे राजाने दुसऱ्या खोऱ्यात कालवा काढला, तेव्हा तिथल्या कारभाऱ्याने आधी मजूर बोलावले नाहीत. आधी चटई बोलावली.

एका पौर्णिमेला, भर दुपारी, कारभाऱ्याच्या दारावर थाप पडली. दारात त्याचा मुलगा उभा होता. राखणीचं नाणं न्यायला आला होता. कारभाऱ्याने पेटी उघडली. आत एकच नाणं उरलं होतं, कडेला टवका उडालेलं. त्याने ते मुलाच्या तळहातावर ठेवलं. मुलाला मूठ नीट मिटता येईना, म्हणून त्याने दुसऱ्या हाताने ती मिटली.

आतून आई आली. तिने बरंच काही बोलायचं ठरवलं असेल. तोंडातून एवढंच निघालं, "बाळा, जेवून जा."

मुलगा वाकला, अदबीने, परक्या घरी वाकावं तसा.

"नको. बाबा वाट बघत असतील."

तो निघून गेला. तो हे बोलला तेव्हा कारभारी दारातच उभा होता, त्याच्यापासून दोन हातांवर.

सोयीसाठी घरात घेतलेलं वाईट, सोय संपली म्हणून निघून जात नाही.