आधी आकडा, मग संमती

मिरजेच्या सत्यभामाबाई धडफळे अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि त्यांच्या डाव्या हाताची, कोपर व मनगट यांमधली, दोन्ही हाडे मोडली. शस्त्रक्रिया अटळ होती. ती साठवलेल्या पैशांत भागेल की घर गहाण टाकावे लागेल, एवढाच प्रश्न होता.

डॉक्टर रणनवरे नामांकित शल्यविशारद; मात्र रुग्णाने प्रश्न विचारलेला त्यांना खपत नसे. बाईंनी खर्च विचारताच ते म्हणाले, "आजी, हात उघडल्याशिवाय आकडा सांगता येत नाही. माझ्यावर विश्वास ठेवा आणि या संमतिपत्रावर सही करा."

बाईंनी पेनाला टोपण लावले. "मग माझी संमतीही हात उघडल्यावरच सांगेन."

"अहो, संमतीशिवाय हात उघडायचा कसा? कायदा आहे!"

"माझ्यावर विश्वास ठेवा, डॉक्टरसाहेब. आत काय निघते ते पाहून होय की नाही ते कळवीन."

परिचारिकेने हसू लपवण्यासाठी तोंड फिरवले. डॉक्टर क्षणभर लाल झाले, मग स्वतःच हसले आणि स्टूल ओढून बसले. पट्टी, स्क्रू, भूल, खाटेचे भाडे असा एकेक खर्च त्यांनी समजावला. अडचण आली तरी याहून अधिक नाही, असा वरचा आकडाही लिहून दिला. तो बाईंच्या साठवणीत बसत होता. त्यांनी ठसठशीत सही केली.

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले बापू खोत होते. त्यांनी सहीसाठी उघडलेले पेन मिटले आणि हाक मारली, "डॉक्टर, ते स्टूल जरा इकडेही ओढा की!"