राजाचा आग्रह आणि गुग्गुळाचं झुडूप

वाळवंटातल्या राजाने भेट म्हणून पाठवलेल्या गुग्गुळाच्या तीन झुडपांपैकी दोन मेली, आणि दोन्ही पाणी जास्त होऊन मेली. राजवाड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते धवलसेन राजाला कोणी सांगायचं, एवढंच ठरत नव्हतं.

कारण राजाचा आग्रह. पंगतीत तो स्वतः वाढायला फिरे आणि 'पुरे' हा शब्द त्याला ऐकूच येत नसे. प्रधानजी जेवायला चालत येत आणि पालखीतून परत जात. सुटकेची वाट एकच होती. राजाच्या आईने, आऊसाहेबांनी, दंडक घालून दिला होता, की पाहुण्याने पानावर हात आडवा धरला की वाढायचं नाही. राजाने तो कधीच मोडला नव्हता. मात्र बहुतेक वेळा पाहुण्याच्या हाताआधी राजाची पळी पानावर पोचलेली असे.

वाळवंटातून झुडपं आली तेव्हा राजाला गहिवरून आलं. बिचारी जन्मभर तहानलेली! रोज सकाळी तो स्वतः एकेकाला घागरभर पाणी घालू लागला. पानं पिवळी पडली, तेव्हा त्याने दोन घागरी घातल्या.

राणबा माळ्याने धीर करून सांगितलं, की याला कधीमधी ओंजळभर पाणी पुरतं, जास्त झालं की मुळं कुजतात.

"आमच्या घरी आलेल्याला ओंजळभर पाणी?" राजा म्हणाला. "पाडव्याला त्या राजाचा वकील येणार आहे. त्याला काय सांगू?"

आणि हुकूम सुटला. पाणी राजा घालणारच. तरीही उरलेलं झुडूप पाडव्यापर्यंत फुललं पाहिजे. नाही फुललं, तर राणबाने बाग आणि बागेतलं घर सोडून राज्याबाहेर चालू लागायचं.

राणबा घरी येऊन भांडीकुंडी बांधायलाच बसला.

"आबा, तवा तेवढा राहू द्या," त्याची मुलगी गोजरा म्हणाली. "भाकरी व्हायच्यात अजून."

भाकरी झाल्यावर तिने झुडूप उपटलं, कुजकी मुळं छाटली आणि ते सावलीत सुकत ठेवलं. बागेच्या सगळ्यात उन्हाच्या कोपऱ्यात मुरूम आणि वाळूचा उंचवटा केला आणि झुडूप त्यात लावलं. मग बुंध्याभोवती जुनी कौलं उतरती मांडली आणि वर पातळसा मुरूम पसरला. राजा रोज घागर ओती. पाणी कौलांवरून घरंगळत खालच्या अळूच्या वाफ्यात जाई. कधीमधी माती अगदी कोरडी पडली, की गोजरा एक कौल उचलून ओंजळभर पाणी घाली.

सगळ्यात आधी अळूला मानवलं. एकेक पान हत्तीच्या कानाएवढं झालं. राजवाड्यात सकाळी अळूची भाजी, रात्री अळूवड्या. आचारी राजाला आग्रह करकरून वाढू लागला. अखेर पाडव्याच्या आधी एका सकाळी राजा प्रधानजींना घेऊन वेळेआधीच बागेत आला. एवढं अळू येतं कुठून, ते त्याला पाहायचं होतं.

त्याने घागर ओतली. गोजराने रोजचा ताजा मुरूम अजून पसरला नव्हता; होता तेवढा वाहून गेला आणि कौलं उघडी पडली.

"ही कौलं कोणी ठेवली?"

गोजरा पुढे झाली.

"मी, महाराज."

"आमच्या पाहुण्याचं पाणी तू अडवलंस?"

"पाहुण्याचं पोट भरलंय, महाराज. त्याला हात नाहीत, म्हणून त्याच्या वतीनं मी पानावर हात आडवा धरला. आऊसाहेबांचा दंडक मोडून वाढायचं असेल, तर कौल उचलते. घाला पाणी."

रिकामी घागर हातात धरूनच राजा वाकला. काटेरी फांद्यांवर मोहरीएवढी लालसर फुलं आली होती.

"पोट भरलंय म्हणतेस?"

"भरलं म्हणून तर फुललं."

मागून प्रधानजी हळूच म्हणाले, "पोरी, यातलं एक कौल मला देशील का गं?"

राजा हसायला लागला. एवढा हसला, की घागर हातातून सुटून अळूच्या वाफ्यात जाऊन पडली. त्याने बाग आणि घर राणबाला इनाम दिलं, आणि त्या दोघांना त्याच दुपारी आपल्या पंगतीला बसवलं.

राजा स्वतः अळूची भाजी घेऊन वाढायला आला. गोजराचा हात पानावर आधीच आडवा होता.